बाटलीतली लक्ष्मी

आमच्या सासरी सुनेचं तोंड नंतर बघतात, पाय आधी. लग्न होऊन मी गारगोटीहून कोल्हापुरात आले, माप ओलांडलं, कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय बुडवून पांढऱ्या कापडावर पावलं उमटवायला लागले, तोच सासूबाई ओरडल्या, "थांब! हलू नगंस!"

मला वाटलं परात कलंडली. तर त्या खाली बसून माझा डावा पाय हातात धरून तळव्याकडं टक लावून बघत होत्या. टाचेजवळ एक काळा तीळ होता, मोहरीएवढा. तो तिथं कधीपासून होता, मलाच ठाऊक नव्हतं. स्वतःचा तळवा रोज कोण बघतं?

"तळव्याला तीळ! लक्ष्मी हाय ही, लक्ष्मी! चालत घरात आलीया!"

मांडवातल्या बायका पाय बघायला धावल्या. बी.कॉम.ला मला फर्स्ट क्लास होता, पण तो बघायला कुणी धावलं नव्हतं.

महाद्वार रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे, 'संयोगिता वस्त्र भांडार'. संयोगिता म्हणजे माझ्या सासूबाई. गल्ल्यावर त्या बसतात आणि कापड मोजतात माझे सासरे, विजयसिंह. त्यांची ख्याती अशी की लोखंडी मीटर हातात घेतला की ते कापडाकडं बघतच नाहीत, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत मापतात आणि तरी सूतभर इकडचं तिकडं होत नाही. बोटभर कापड जास्त गेलं तर त्यांना रात्रभर झोप येत नाही. कमी गेलं तर छान येते.

माझ्या लग्नाच्या वर्षी दुकानाचा धंदा वाढला. शेजारच्या दुकानातले दोघे भाऊ भांडून वेगळे झाले, त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं आणि त्यांचं गिऱ्हाईक आमच्याकडं वळलं. हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. पण आमच्या घरात श्रेय माझ्या टाचेला मिळालं. दर शुक्रवारी सासूबाई मला पाटावर बसवायच्या, पाय पुसायच्या आणि तिळाला हळदकुंकू लावायच्या. सून सासूच्या पाया पडते हे जगाला ठाऊक आहे. आमच्याकडं उलटं होतं, आणि त्यात मला सुरुवातीला गंमतही वाटायची. खोटं कशाला बोलू?

मग कागलला दुसरं दुकान काढलं. रिबीन कापायला नेहमीसारखे पुढारी आले, पण पाऊल आधी माझं, आणि तेही डावं. भटजी पुटपुटले, "उजवं टाकायचं असतंय." सासूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पुढचा मंत्र दुप्पट वेगानं म्हटला. गल्लीतल्या झुंबरबाईंनी सुनेला दिवस राहावेत म्हणून तिला माझ्या टाचेला हात लावायला आणलं. ज्यांच्या घराची वास्तुशांत असायची ते मला बोलवायचे. माझा नवरा राजवीर मला चेष्टेनं "मॅडम, आज कुठं दौरा?" म्हणून विचारायचा आणि स्वतः गाडी घेऊन पुढं निघायचा.

पाच-सहा वर्षं अशी गेली आणि तीळ वाढत गेला. मोहरीचा वाटाणा झाला, वाटाण्याचं रुपयाएवढं झालं. कडा वेड्यावाकड्या झाल्या. मध्ये काळाकुट्ट, एका बाजूला तपकिरी, एका बाजूला निळसर. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्याचं काहीतरी वेगळंच दिसतंय."

"वाढतीया लक्ष्मी," त्या म्हणाल्या. "दोन दुकानं झाली, तिनं काय तेवढंच ऱ्हायाचं?"

मग एकदा कागलच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर रक्ताचा डाग पडला. तीळ वरून फुटला होता. सासूबाईंनी हळद दाबली. सासऱ्यांनी गादीची खोळ बदलली.

माझं नशीब असं की सासूबाईंना बढाया मारायची हौस आहे. दिवाळीच्या आधी महाद्वार रोडच्या दुकानात एक बाई साडी बघायला आली. पस्तिशीची, शांत. सासूबाईंनी तिच्यापुढं वीस साड्यांचा ढीग टाकला, आणि ती कशावरच ठरेना तेव्हा ठेवणीतला माल काढला.

"पावणं, ह्या दुकानातनं कोण रिकाम्या हातानं जात न्हाई. आमच्याकडं लक्ष्मीच हाय. तेजस्वी, पाय दाखव गं."

मी मान खाली घालून पाय वर केला. सवयच झाली होती.

त्या बाईच्या हातातली साडी तशीच राहिली. ती वाकली, मोबाईलचा दिवा लावला आणि बराच वेळ माझ्या टाचेकडं बघत राहिली. बाकीच्या बायकांसारखे हात तिनं जोडले नाहीत. विचारलं, "कधीपासून वाढतोय? रक्त येतं? जांघेत गाठ लागते का हाताला?" मग पर्समधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. डॉ. आदिती मगदूम, त्वचारोगतज्ज्ञ. "उद्या या. परवा नको, उद्याच," एवढं बोलून ती साडी न घेता निघून गेली.

सासूबाई तिच्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "दृष्ट लावून गेली भवानी. मीठ-मोहऱ्या आणा रे कुणीतरी."

रात्री जेवताना माझ्या पायावर चर्चा झाली. सासऱ्यांचं म्हणणं, दिवाळीचा सीझन संपू दे, मग बघू. सासूबाईंचं म्हणणं, देवानं दिलेल्या वस्तूला हत्यार लावायचं नसतं. राजवीरचं म्हणणं असं काही नव्हतं, त्यानं पापड मोडला. मी माझ्या वडिलांना फोन केला. त्यांचं नाव आकाराम, गारगोटीत खतं-बियाणं विकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई बाळ. पर बाई मानूस वीस साड्या बघून एकबी न घेता उठलं म्हंजी काहीतरी मोठंच असणार. जा तू."

गेले. सोबत सगळी वरात आली.

डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "हा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. मेलॅनोमा म्हणतात. आपल्याकडं तो बऱ्याचदा तळव्यालाच होतो, आणि तीळ समजून लोक बसून राहतात. आत्ता मी काहीच छातीठोक सांगणार नाही. हा पूर्ण काढायचा आणि लॅबला पाठवायचा. वरून केवढा दिसतो ह्यापेक्षा आत किती खोल गेलाय, ते मोजायचं. त्या मापावर पुढचं सगळं ठरतं. किती रुंद कापायचं, जांघेतली गाठ काढून तपासायची का, आणि धोका किती."

"किती खोल असला तर बरं?" मी विचारलं.

"एक मिलिमीटरच्या आत असला तर बहुतेक सगळे पेशंट बरे होतात. चारच्या पुढं गेला तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल. आणि वर जखम झालीय, ती मला आवडलेली नाही."

"मिलिमीटर?" सासरे हसले. "आमी मीटरनं विकतोय डॉक्टर. मिलिमीटरचं काय घेऊन बसलाय?"

सासूबाईंनी घासाघीस सुरू केली. "निम्मा काढून निम्मा ठिवता येतोय का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या जागी मी असते तर फेकून मारला असता.

मी म्हटलं, "पूर्ण काढा." लग्नानंतर सासरच्यांसमोर मी ठामपणे बोललेलं ते पहिलं वाक्य.

तीळ काढला. आता आपल्याकडची रीत अशी की डॉक्टर कापतात आणि नातेवाईक वाहतात. कापलेला तुकडा औषधाच्या पाण्यात घालून बाटली बंद करायची, वर पेशंटच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि ती बाटली घरच्या माणसाच्या हातात ठेवून म्हणायचं, "एवढी लॅबला देऊन या." पोचपावती नाही, सही नाही. घरचा माणूस म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. घर कसलं आहे, हे कोण विचारतं? मी आत टेबलावर पडले होते. बाहेर नर्सनं बाटली राजवीरच्या हातात दिली. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, माझा जीव त्यांच्यामुळं आहे, पण त्या बाटलीबद्दल मी त्यांनाही सोडणार नाही.

"दिलीस?" मी घरी आल्यावर विचारलं.

"दिली की," राजवीर म्हणाला.

मग मी वाट बघत बसले. पाय उशीवर, मोबाईल हातात. मला भीती वाटत होती, नुसती भीती. तोपर्यंत कॅन्सर मला दुसऱ्यांच्या घरातला शब्द वाटायचा. एक का चार, एक का चार, हेच डोक्यात. भिंतीवरच्या पालीची जाडी मी मनात मोजायची. रोज विचारायची, "आला रिपोर्ट?" राजवीर म्हणायचा, "पुण्याला पाठवलाय म्हणं. सणाचं जरा मागंफुडं हुतंय."

सासूबाई मात्र खुशीत होत्या. मला वाटलं होतं, तीळ गेला म्हणून सुतक पाळतील. तर त्या सकाळी लवकर आंघोळ करून दुकानात जायच्या, दर गुरुवारी नृसिंहवाडीला कुणाला तरी पाठवायच्या, आणि परत आल्या की माझ्या उशाशी बसून "काय काळजी करू नगंस" म्हणायच्या. मी म्हटलं, बाई सुधारल्या. आजारपणात माणूस काहीही समजतं.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "रिपोर्ट?"

"पुण्याला गेलाय," मी म्हणाले.

"पुण्याला? ही लॅब तर इथं राजारामपुरीत आहे." त्यांनी समोरच फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. फोन ठेवून त्या राजवीरला म्हणाल्या, "त्यांच्याकडं ह्या नावाची बाटली आलेलीच नाही."

राजवीरचे कान लाल झाले. लहानपणी मार खाताना त्याचे कान लाल व्हायचे, असं सासूबाई कौतुकानं सांगतात.

"आईकडं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"बाटली. आई म्हणली, लॅबवाले कापून फेकून देतील. घरातली लक्ष्मी अशी फेकायची न्हाई म्हणली. मला वाटलं तीळच तर हाय. काढला, म्हंजी संपलं की."

मी त्याच्याकडं बघितलं. सहा वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसानं माझं मरण-जगणं आईच्या ओटीत घातलं होतं आणि रोज माझ्या तोंडावर पुण्याचं नाव सांगितलं होतं. मला रडू आलं नाही. मला त्याला बुक्की मारावीशी वाटली, आणि डॉक्टरीणबाई समोर नसत्या तर मारलीही असती.

तिथून तशीच रिक्षानं दुकानात गेले. दिवाळीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. मी लंगडत लोकांना ढकलत गल्ल्यामागं पोचले. तिथं छोटा देव्हारा आहे. अंबाबाईच्या तसबिरीसमोर चांदीच्या वाटीत बाटली उभी होती. गळ्यात झेंडूची माळ. चिठ्ठीवरच्या माझ्या नावावर हळदकुंकवाचे एवढे थर चढले होते की पुढचं 'तेज' तेवढं वाचता येत होतं.

मी हात पुढं केला. सासूबाई गल्ल्यावरून उठल्या, "हात लावू नगंस! तू टाक्याची, आंघोळ न्हाई तुझी!"

"ह्यातलं पाणी कुठाय? डॉक्टरांचं?"

"ते व्हय? ते वतलं की मी. लई घाण वास. डोळं चुरचुरायचं. लक्ष्मीला असल्या पाण्यात ठिवायचं व्हय? वाडीचं तीर्थ घातलंय. दर गुरुवारी बदलतीया." आणि आवाज खाली आणून, जसं काही मला खूष करायला, म्हणाल्या, "ह्या दिवाळीला धंदा बघितलास न्हवं?"

मी बूच उघडलं. त्यातून जो वास आला तो सांगत नाही. साडी घ्यायला आलेल्या एका बाईनं लांबूनच बाटलीला हात जोडले होते, तिनं पदर नाकाला लावला.

लॅबनं होता तो तुकडा तपासला. नुसतं औषधाच्या पाण्यात ठेवला असता तर महिनाभरानंही काही बिघडलं नसतं, पण तीर्थात तो कुजला होता. रिपोर्ट आला, मेलॅनोमाच आहे. पुढं लिहिलं होतं, नमुना कुजल्यामुळं खोली मोजता येत नाही.

"म्हणजे?" मी विचारलं. "एक का चार?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "तेजस्वी, मला खरंच सांगता येत नाही. ते त्या बाटलीतच होतं, दुसरीकडं कुठंच नाही. आता जास्त धोका आहे असं धरून चालायचं. टाच रुंद कापायची, जांघेतल्या गाठी तपासायच्या. कदाचित एवढं कापायची गरजही नसेल. पण ते कळायचा मार्ग आता राहिला नाही."

कॅन्सरच्या सर्जननं टाचेतून वाटीएवढा भाग काढला आणि तिथं मांडीची कातडी लावली. जांघेतली गाठ काढली. ह्या वेळी बाटल्या माझ्या वडिलांच्या हातात होत्या. ते त्या दोन्ही हातांनी छातीशी धरून रिक्षात बसले आणि राजवीर शेजारी बसायला लागला तर म्हणाले, "पावणं, तुमी मागनं या." जावयाला त्यांनी पहिल्यांदाच परक्यासारखी हाक मारली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गाठीत काही सापडलं नाही. टाचेतही काही उरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चांगली बातमी आहे, पण अर्धीच. आता दर तीन महिन्यांनी यायचं, जांघ चाचपायची, सोनोग्राफी करायची, आणि हे वर्षानुवर्षं. तीळ पातळ असता तर मी एव्हाना निर्धास्त झोपले असते. जाड असता तर निदान कशाशी लढतेय ते कळलं असतं. मला दोन्हीतलं काही मिळालं नाही.

मी दोन महिने गारगोटीला राहिले आणि मग परत आले. का आलीस, असं सगळे विचारतात. आपलं घर आपण का सोडायचं? टाच माझी गेली, त्यांचं काय गेलं?

तर त्यांचंही गेलं होतं म्हणे. सासूबाई गिऱ्हाइकांना हलक्या आवाजात सांगायच्या, "लक्ष्मी काढली डॉक्टरांनी. आता बघा, फाल्गुनात कसा माल पडून हाय." फाल्गुनात माल दरवर्षी पडून असतो. त्यांची आणखी एक सूचना होती, सणावाराला मी दुकानाच्या मागच्या दारानं यावं. माझ्या पायाला आता पट्टी असते, आणि पांढऱ्या पायाची म्हणून बोट दाखवायला लोकांना एवढं पुरतं.

मी पुढच्या दारानंच आत गेले. दुकानात एक बाई ब्लाउजच्या कापडासाठी थांबली होती. सासरे लोखंडी मीटर हातात घेऊन उभे होते. मला बघून ते जरा ओशाळले. मनानं ते वाईट नाहीत. वाईट असते तर राग धरणं सोपं गेलं असतं.

"ये, ये. बस. आता बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मग धंद्याच्या माणसासारखं, आवाज खाली आणून, "डॉक्टर काय म्हणत्यात? अंदाजे किती टक्के धरायचं?"

मी म्हटलं, "मामा, मीटर हातात हायच तुमच्या. त्याच्यावर मला एक मिलिमीटर दाखवा."

"आं?"

"दाखवा की. पुरं आयुष्य माप घेण्यात गेलं तुमचं."

त्यांना चेष्टा वाटली. त्यांनी मीटर वर घेतला, अंगठ्यानं टोक पुसलं. दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा होत्या. मधल्या पाचाच्या खुणा अर्ध्या झिजल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, मीटर दिव्याखाली धरला आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघितला.

"ह्याच्यावर न्हाई गं ते," ते म्हणाले. "एवढं बारीक आमच्यात लागत न्हाई."

"मी त्या एका रेघेच्या अलीकडं हाय का पलीकडं, एवढंच कळायचं हुतं, मामा. दुसरं काय न्हाई. ते तुमच्या देव्हाऱ्यात कुजलं. आता मी किती टक्के, हे मी मरेपर्यंत कुणालाच कळणार न्हाई. मेले, म्हंजी कळंल."

गल्ल्यावरून सासूबाई म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक थांबलंय."

"एक मीटर द्या," ती बाई म्हणाली.

सासऱ्यांना ऐकू गेलं नाही. समोर कापडाचा तागा उलगडून पडला होता. गिऱ्हाइकाशी बोलत, न बघता मापणारा तो माणूस मीटर नाकाजवळ धरून उभा होता, आणि जिथं रेघ नव्हती तिथं अंगठ्याच्या नखानं रेघ शोधत होता.